पार्सलबाबूंचं 'ये'

पार्सलबाबू कुणालाही 'जा' म्हणत नसत. आता यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. आपल्यात कोणीच म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'ये' म्हणतो, आणि जाणारा जातो. पण हा रिवाज आपण आपल्या माणसांपुरता ठेवतो. पार्सलबाबूंनी तो अख्ख्या रायपूरला लावला होता, आणि तोही हिंदीत. गॅसचं सिलिंडर देऊन निघालेल्या माणसाला ते फाटकातून मोठ्या प्रेमानं म्हणायचे, "आओ भैया." तो बिचारा रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन अर्ध्या गल्लीतून परत यायचा. "का होगे बाबूजी?" काही नाही, म्हणून पार्सलबाबू हात हलवायचे आणि तो वळला की पुन्हा, "हां हां, आओ." एकदा तो वैतागून म्हणाला, "आंव के जांव?" मी वरच्या गॅलरीत पोट धरून हसत होते.

मी त्यांच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहत होते. माहेर सांगलीचं, नोकरी उरल्याच्या कारखान्यांतल्या एका रोलिंग मिलच्या लॅबमध्ये, आणि गुढ़ियारीत घर घेतलं ते केवळ 'मालक मराठी आहेत' एवढ्या एका वाक्यावर. मालकांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मी नुसतीच मान हलवत असे. घराणं मूळचं अकोल्याकडचं. वडील रेल्वेत लागले म्हणून इकडे आले, मग हेही रेल्वेतच, पार्सल ऑफिसात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना पार्सलबाबूच म्हणे. बायको वारली होती. मुलगा प्रशांत हैदराबादला. मी त्यांना काका म्हणे. घरात काका एकटे, आणि अंगणात पेरूचं एक झाड.

माणूस मायेचा, पण हात आखडता. म्हणजे पैशानं नव्हे. कुणाच्या पाठीवर हात ठेवायची वेळ आली की तो हात खिशात जाई. माझे वडील गेले तेव्हा मी सांगलीहून परत आले, तर काका पायऱ्यांशी उभे होते. बराच वेळ घसा खाकरून शेवटी म्हणाले, "नळाले पाणी आहे. भरून ठेवलं तुह्यं." त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं. पण ते तिथेच उभे राहिले, आपण कमी पडलो हे माहीत असल्यासारखे, आणि मलाच त्यांची दया आली.

अशा माणसाच्या पदरात एक वानर पडलं.

मालधक्क्याच्या बाजूला रेल्वेच्या विजेच्या तारेला चिकटून एक वानरीण मेली. आपल्याकडेही काही ठिकाणी करतात तसं पाऱ्यातल्या लोकांनी तिला शेंदूर लावला, हार घातले, हातगाडीवर ठेवून वाजतगाजत नेण्याची तयारी केली. नारळ कोण फोडणार यावरून वाद चालू होता. तिच्या पोटाला एक पिल्लू चिकटलेलं होतं, अजून काळंच, मुठीएवढ्या तोंडाचं. हनुमानाची आई मेली म्हणून जो तो हात जोडत होता आणि पिल्लाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. काकांनी खांद्यावरचा गमछा काढला, पिल्लाची बोटं एकेक करून सोडवली, आणि त्याला गुंडाळून घरी आणलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "बेवारस माल हाय. कोणी न्यायले आलं तर देऊन देऊ. तोवर ठेवा लागते."

नाव मात्र ठेवलं नाही. "नाव टाकलं का माल आपला होते," असं त्यांचं म्हणणं. पण वऱ्हाडी माणसाच्या तोंडात जे घरादाराला लावलेलं 'बापा' असतं, ते त्यालाही लागलं. 'खाय बापा', 'झोप बापा', 'ये बापा'. नाव टाळता टाळता त्याचं नाव 'बापा' पडून गेलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजण्यापासून ते पेरूची कोवळी पानं हातातून खाऊ घालण्यापर्यंत सगळं चाललं, आणि सगळं मराठीत. प्रशांत फोनवर मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. पाऱ्यात हिंदी नाहीतर छत्तीसगढ़ी. काका मला एकदा म्हणाले, "हा बी मराठीत नाही बोलत. पण हिंदीत तरी बोलत नाही ना!"

वानर घरात आहे हे पाऱ्याला ठाऊक होतं, तरी हे सगळं ते चोरून करत. वानर पाळणं कायद्यात बसत नाही, हे जन्मभर नियमानं वागलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पण खरी चोरी वेगळीच होती. वानराचे लाड करताना आपण दिसू नये, याची त्यांना धास्ती असे. मी जिन्यावरून उतरते आहे असं वाजलं की आतून मोठ्यानं ओरडण्याचा आवाज यायचा, "हट! चाल हट!" आणि मी अंगणात पोचेपर्यंत बापा त्यांच्या मांडीवरून खाली ढकललेला असे. त्याला तो खेळ वाटे. तो लगेच परत चढे, त्यांचा कान धरे, आणि काका माझ्याकडे बघून ओशाळं हसत.

दिवाळीला प्रशांत आला. सकाळी अंगणात काका खुर्चीत बसलेले, बापा त्यांच्या गुडघ्यांवर पालथा पसरलेला, आणि काका त्याच्या पाठीचे केस बोटांनी विंचरत काहीतरी पुटपुटत होते. प्रशांत चहाचा कप घेऊन दारात किती वेळ उभा होता कोण जाणे. तो हसतच म्हणाला, "पापा, मेरे बाल तो आपने कभी ऐसे नहीं देखे."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो बोलला आणि आत गेला. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ओल्या चादरीच्या मागे झाले, कारण काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

संध्याकाळी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "खरं बोलला पोट्टा. मी ड्यूटीवरून येवो तर तो झोपून राहे. वाटे, उठवावं, जवळ घ्यावं. मग लाज वाटे."

"लाज कसली काका? स्वतःच्या मुलाची?"

"बापानं पोट्ट्याले कुरवाळणं... आमच्याइकडे नव्हतं तसं. माह्या बापानं मले हात लावला तो मारासाठीच. मले मारणं बी जमलं नाही आन् कुरवाळणं बी नाही." मग बापाकडे बोट दाखवून म्हणाले, "या वांदरानं शिकवलं मले, हात कुठी ठेवा लागते ते. साठी उलटल्यावर. आता सांग, कोणाले सांगू हे?"

दुसऱ्या दिवशी प्रशांत निघाला तेव्हा फाटकाशी मी पाहिलं. काकांचा हात वर आला, मुलाच्या डोक्याच्या दिशेनं बराच गेलासुद्धा, आणि तिथून खाली येऊन त्याच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा सरळ करू लागला. "ये बापा," एवढंच म्हणाले. रिक्षा सुटल्यावर झाडावरचा बापा टुणकन उडी मारून खाली आला. कारण त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं.

त्या उडीला आम्ही हसलो. सगळेच हसायचे. कुणालाही निरोप दिला की वानर धावत येतं, ही गुढ़ियारीतली एक गंमतच झाली होती. मंगळवारी त्याला हनुमान मानून नारळ घेऊन येणाऱ्या बायका तर निघताना मुद्दाम थांबायच्या, बाबूजींनी 'आओ' ऐवजी मराठीत 'ये' म्हणावं म्हणून.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत बापा लांब शेपटीचा, राखाडी अंगाचा उमदा गडी झाला. कौलं मोडली, दोन घरांच्या डिश वाकवल्या, आणि एका दुपारी अंगण सोडून सरळ रेल्वेच्या खांबावर जाऊन बसला. त्याच. जिथे आई गेली तिथे. मला कुणीतरी सांगितलं म्हणून मी धावले, तर काका खाली रुळांच्या खडीवर उभे. ओरडता येत नव्हतं, कारण तो दचकला असता तर हात तारेवर पडला असता. लोक श्वास धरून लांब उभे. काका अगदी हळू, जेवायला बोलवावं तसं म्हणाले, "ये बापा. ये."

तो वळला, खांबाला धरत धरत खाली उतरला आणि त्यांच्या खांद्यावर येऊन बसला. काका खडीवरच बसले. आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी त्या वानराला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्या दिवशी त्यांना लाज वाटायला वेळ मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः वनखात्यात फोन केला.

आली ती एक तरुण वनरक्षक, मोटरसायकलवर. काका तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "गलती हो गई, दीदी. रूल मालूम था मेरे को." ती रागावलेली होती, पण तिचं बोलणं रागाचं नव्हतं. म्हणाली, याला माणसाची भीती उरलेली नाही आणि भीती नसलेलं जनावर फार जगत नाही. महानदीपलीकडे जंगलाच्या कडेला आमचा मोठा पिंजरा आहे, तिथे वानरांची टोळी येते. त्यात ठेवू, टोळीची सवय होऊ देऊ, त्यांनी घेतला तर सोडू. पण तुम्ही यायचं नाही. "आपकी आवाज़ भी नहीं सुननी चाहिए इसको."

"हव," काका म्हणाले. खात्याची गाडी छोटा पिंजरा घेऊन आली, त्यात त्याला त्यांनीच बसवलं. मग नुसतं नाक पुसत राहिले.

मधल्या दिवसांत ते रोज पेरूची पानं तोडून ठेवत आणि संध्याकाळी शेजारच्या बकरीला घालत. मला विचारत, "त्याहीच्यात घेतलं असंन का ग त्याले?" आणि स्वतःच उत्तर देत, "नाही घेतलं तर मीच दोषी ना. माणसाळून ठेवला मी." त्यांना तो परत हवा होता, आणि परत हवा असल्याची त्यांना शरम वाटत होती. वनरक्षक दीदींचा फोन आला, की टोळीतल्या माद्या जाळीतून त्याचे केस विंचरतात, आता सोडला आहे, रात्री त्यांच्यातच झोपतो; तेव्हा काका माझ्या दारापर्यंत जिना चढून आले. एरवी ते वर येत नसत. "विंचरतेत म्हणे," एवढंच सांगून बसून राहिले.

मग मागणी केली ती एकच. एकदा पाहू द्या, लांबून. दीदी शेवटी म्हणाल्या, "दूर से. सड़क के इस पार से. और एक शब्द नहीं, काका."

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही गेलो. उरल्याच्या धुरात वावरणाऱ्या माझ्या डोळ्यांना ते हिरवं झोंबत होतं. रस्त्याच्या अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे मोहाचं झाड, आणि झाडभर वानरं. काकांनी गमछ्याचं टोक दातांत धरलं होतं, तोंडातून काही निसटू नये म्हणून. दीदींनी बोट दाखवलं. एका मादीच्या शेजारी, मान खाली घालून, पाठ विंचरून घेत बापा बसला होता. काकांनी ओळखलं. चेहऱ्यावर असं काही आलं, की मुलगा शाळेतून पहिला नंबर घेऊन आला तरी बापाच्या तोंडावर येणार नाही. असे ते तेवढे एकदाच दिसले मला.

किती सुरेख झालं होतं सगळं. मी हळूच म्हटलं, "काका, निघू या."

त्यांनी मान डोलावली. डोळे पुसायला गमछा तोंडातून काढला, झाडाकडे पाहिलं, आणि वळता वळता, अगदी स्वतःशी बोलावं तेवढ्याच आवाजात, म्हणाले,

"ये बापा."

निरोपाचंच म्हणाले ते. दुसरं काय म्हणणार होते? जन्मभर कुणाला दुसरं म्हटलं नव्हतं.

झाडावरून एक शेपटी वर झाली. मला कळेपर्यंत तो खाली उतरला होता आणि सरळ आमच्याकडे धावत होता, अंगणात धावत यायचा तसा. वळणावरून भाजीचे क्रेट भरलेली पिकअप आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला होता, त्याला दोष नाही. पुढचं मी लिहीत नाही. काका रस्त्यावर गुडघ्यांवर बसले होते आणि तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते, इतके घट्ट की दीदींना ते ओढून काढावे लागले. दीदींनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बापा वाचला. मागचा एक पाय काढावा लागला. टोळीबरोबर झाडांवरून उड्या मारणं संपलं, म्हणजे जंगल संपलं. प्राण्यांच्या दवाखान्यामागे जाळीचा मोठा पिंजरा आहे, तो जन्मभर तिथेच राहणार.

त्यानंतर काकांनी निरोप देणंच सोडलं. मी सकाळी "येते काका" म्हटलं की ते पाठ फिरवून आत जात. गॅसवाला एकदा मुद्दाम फाटकाशी रेंगाळला, 'आओ' ऐकायला. काका खिडकी लावून घेताना दिसले. पाऱ्यात लोक म्हणू लागले, बाबूजी सठिया गये. मंगळवारच्या बायकांना तर वाटलं, हनुमानानं घर सोडलं म्हणून असं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही. प्रशांतला एवढंच कळवलं, की जंगलात सोडला. "अच्छा किया पापा," तो म्हणाला. ते 'अच्छा किया' त्यांना किती दिवस खात होतं.

एका रविवारी मी त्यांना त्या पिंजऱ्यापाशी घेऊन गेले. ते कडुनिंबाच्या आड थांबले, पुढे येईनात. तरी त्यानं पाहिलंच. तीन पायांवर फरपटत जाळीपर्यंत आला आणि जाळीतून हात बाहेर काढून बसला. काकांनी हाक मारली नव्हती. काका झाडाच्या खोडाला कपाळ टेकवून म्हणाले, "त्याले राग याले पाहिजे होता ना, बेटा? मी बलावलं आन् त्याचा पाय गेला. तरी बी येते. पाहून घे, अजून येते." थोड्या वेळानं म्हणाले, "बायकोले आपरेशनले नेलं तई म्हटलं होतं, ये. ती आली नाही. याले यायचं नव्हतं, तर हा आला. मले बोलणंच समजलं नाही कधी."

बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी मीही नळाच्या पाण्याबद्दल काहीतरी बोलले असेन. मग ते पुढे गेले, त्याचा जाळीबाहेर आलेला हात त्यांनी हातात घेतला, आणि पाठीवरून बोटं फिरवता येतील असं त्याला जाळीला टेकवून बसवलं. लोक बघत होते. त्यांनी बघू दिलं. पुढे दर रविवारी ते एकटेच बस बदलून जाऊ लागले.

या वर्षी मला नागपूरला नोकरी मिळाली. सामान काकांनीच बांधलं. मला खोकी भरू दिली पण बांधू दिली नाहीत. सुतळीची ती आडवी-उभी गाठ, कोपऱ्यांना गोणपाट, आणि वर मार्करनं ठसठशीत अक्षरांत माझं नाव व मुक्काम. "पत्ता सही असला का माल चुकत नाही," म्हणाले. प्रत्येक खोक्यावर हात थोपटत होते. टेम्पो पुढे गेला, माझी टॅक्सी आली. मी वाकून नमस्कार केला आणि सवयीनं म्हणून गेले, "येते काका." म्हटलं आणि जीभ चावली. वाटलं, आता हे पाठ फिरवून आत जाणार.

ते गेले नाहीत. उभे राहिले. त्यांचा हात वर आला, मधेच कुठे वळला नाही, आणि माझ्या डोक्यावर येऊन पूर्ण टेकला. जड, कोरडा हात. त्यांनी श्वास घेतला, अवघड सामान उचलण्याआधी घेतात तसा.

"जाय, बेटा," ते म्हणाले. "जाय. मागं पाहू नको."

मी मागं पाहिलं नाही. टॅक्सी मालधक्क्यावरून वळली तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, "दीदी, कुछ भूल गईं क्या?" मी नाही म्हटलं.

रात्री नागपूरहून आईला फोन केला. पोचले, सामान नीट आलं, एक बशीसुद्धा फुटली नाही. आईला सगळ्यात आधी ज्याची चौकशी असते तेच तिनं विचारलं, काकांनी निरोप नीट दिला ना, निघताना काय म्हणाले?

मी म्हटलं, "'ये' म्हणाले."